ग्रावेनबेकचा आडवा उजेड

"माझे प्राण वाचवणारा माणूस शोधून द्या," वेसोलेकबाई म्हणाल्या. "तसे दोन मिळालेत. त्यातला एक तरी खोटा आहे."

टिमरमानने खुर्ची पुढे केली. त्याचा मित्र गुस्ताफ पीपर खिडकीशी बसून सफरचंद सोलत होता. पीपर निवृत्त पोस्टमास्तर. या गुप्तहेराच्या ऑफिसात त्याचं नेमकं काम काय, हे ग्रावेनबेक गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. खुद्द टिमरमानलाही नव्हतं.

"सगळं पहिल्यापासून सांगा," टिमरमान म्हणाला.

"युद्धाचा शेवटचा हिवाळा. विमानं आली, बॉम्ब पडले, डांबराचा कारखाना पेटला. आमच्या गल्लीत असा धूर की स्वतःचा हात दिसेना. तळघरातून मागच्या अंगणात आलो. मी आणि दोन नातवंडं, लेने आणि युप. पुढे जायचं कुठे? मी पातेल्याचं झाकण बडवत बसले."

"कसं बडवलंत?"

बाईंनी टेबलावर बोटांनी वाजवून दाखवलं. दोन सावकाश, तीन भरभर. "मुलांना बागेतून जेवायला बोलवायची माझी सवय. भीतीनं हातांना तेवढंच आठवलं. आणि मग टेकडीवरचा तो मोठा दिवा, विमानं शोधायचा, आभाळातून खाली आला. आडवा झाला. डावीकडे गेला, उजवीकडे गेला, पुन्हा थोडा डावीकडे, आणि आमच्या डोक्यावर येऊन थांबला. पांढऱ्या तुळईसारखा. त्या तुळईखालून चालत आम्ही टेकडीच्या कुरणात पोचलो."

"तेव्हाच का नाही विचारलंत?"

"दिवा आभाळातून काढणं म्हणजे हुकूम मोडणं. तेव्हा त्याचं नाव घेतलं असतं तर त्याला भिंतीशी उभं करून गोळी घातली असती. नंतर पोटापाण्याच्या मागे वर्षं गेली. आता मी लेकीकडे ब्रेमेनला निघालेय. वरचा मजला त्या माणसाला राहायला द्यायचाय. पेपरात जाहिरात दिली. त्यात झाकणाचं काही लिहिलं नव्हतं." त्यांनी हातमोजे घट्ट धरले. "घराचं सोडा हो. मला चुकीच्या माणसाचे आभार मानून जायचं नाहीये."

त्या गेल्यावर पीपर म्हणाला, "मीही पहिल्या युद्धात विमानांवर तोफ डागायचो. मोटारगाडीवर बसवलेली. सबंध उन्हाळा डागली."

"काही पडलं?"

"गवताची एक गंजी. आपल्याच माणसांची."

पहिला दावेदार एवाल्ड क्राप. त्या दिव्याच्या तुकडीचा प्रमुख, आता गुत्त्याचा मालक. त्याने बिअर पुढे सरकवली आणि छाती पुढे काढली.

"मीच. दिव्याच्या अगदी शेजारी उभा होतो. बाई आणि मुलं धुरातून चाललेली स्पष्ट दिसली. काळीज हललं. म्हटलं, फिरवा दिवा."

"आणि नंतर?"

"नंतर विमानांची दुसरी लाट. लांबूनच घरघर ऐकू आली. माझे कान लाकडाचे, असं बायको म्हणते, पण मलाही आली. खड्ड्यात उतरायला भरपूर वेळ होता, सगळे उतरले. आमचा इंजिनवाला फेर्डी तेवढा राहिला. दिव्याला वीज पुरवणारं इंजिन सोडून येणार नाही म्हणाला. बिचारा तिथेच गेला."

दुसरा लोथार झीपमान, घड्याळं दुरुस्त करायचा. क्रापचं नाव काढताच तो हसला.

"क्राप दिव्याशेजारी होता? मग त्याला बाई कशी दिसली? त्या उजेडाला खेटून उभं राहिलं की समोर नुसती पांढरी भिंत. म्हणून तर दिवा फिरवणारा लांब उभा राहतो, केबलच्या दुसऱ्या टोकाला. तो फिरवणारा मी. त्या रात्री दिव्याची चाकं या हातांनी फिरवली."

"कुठे फिरवायची हे कसं कळायचं?"

"माझ्यासमोर तबकडी. विमानांची घरघर ऐकणारा माणूस आपलं कर्ण्यांचं यंत्र आवाजाकडे वळवतो, तसा तबकडीवरचा काटा सरकतो. मी काट्यामागे चाक फिरवतो." तो किंचित अडखळला. "पण त्या रात्री मीच ठरवलं. गल्ली पाठ होती. सरळ तिच्यावर नेला दिवा."

बाहेर पडल्यावर पीपर म्हणाला, "हाच. क्राप बाता मारतोय."

"क्राप बाता मारतोय हे खरं," टिमरमान म्हणाला. 'हाच' या शब्दाला त्याने होही म्हटलं नाही आणि नाहीही, आणि पीपरने ते आपल्या बाजूचं धरलं.

ऐकणाऱ्या यंत्रावर तेव्हा होती रोझविथा आंकर. शेवटी शेवटी पुरुष आघाडीवर गेले तशा मुली घेतल्या होत्या, आणि हिचे कान तयार, कारण ती पियानो शिकवायची. आताही शिकवत होती, चर्चमागच्या एका ओल्या खोलीत. पियानो तिथल्या एकाच कोरड्या कोपऱ्यात होता. पलंग ओलीच्या बाजूला होता.

"तुम्ही दावा नाही केलात," टिमरमान म्हणाला.

"कशाचा? मी दिव्याला कधी हातही लावला नाही."

"यंत्राचं काम कसं चालायचं?"

"डोक्याला दोन नळ्या, एकेका कानाला एक. आवाज दोन्ही कानांत सारखा होईपर्यंत डावीउजवीकडे वळायचं. सारखा झाला की समजायचं, तो नाकासमोर आहे." ती थांबली. तिची बोटं पियानोच्या बंद झाकणावर वाजत होती. दोन सावकाश, तीन भरभर. पुन्हा दोन सावकाश, तीन भरभर.

"तेवढं थांबवता का?" पीपर वैतागून म्हणाला. "डोकं उठलं."

तिने दचकून हात मांडीवर घेतले. "माफ करा. सवय आहे."

"दिवा कुणी फिरवला असेल?" टिमरमानने विचारलं.

"ज्याने फिरवला त्याला द्या घर," ती म्हणाली आणि चहासुद्धा न विचारता दार उघडून उभी राहिली.

रविवारी दुपारी वेसोलेकबाईंकडे कॉफी होती. आलुबुखारचा केक टेबलावर होता. क्रापने कोट इस्त्री करून घातला होता, झीपमानने कॉलर. रोझविथा दाराजवळच्या खुर्चीत बसली होती, लगेच उठता यावं अशी.

"क्रापसाहेबांना बाई दिसल्या," टिमरमानने सुरुवात केली. "दिव्याला खेटून उभं राहून. तिथून काही दिसत नाही, हे झीपमान सांगतील."

"मी उडी मारून बाजूला गेलो होतो," क्राप म्हणाला.

"बाजूला कसला, तू आधीपासूनच खड्ड्यात होतास," झीपमान म्हणाला.

"ते राहू द्या. बाजूला गेले तरी पुढे धूर होता. बाईंना स्वतःचा हात दिसत नव्हता. मग टेकडीवरून बाई कुणालाच दिसणं शक्य नाही. झीपमान म्हणतात, गल्ली पाठ होती, दिवा सरळ तिच्यावर नेला. पण तो सरळ आला नाही. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा थोडा डावीकडे, असा आला. डोळ्यांनी शोधणारा असं करत नाही. असं कोण करतं, पीपर?"

पीपरने केक गिळला. "ज्याला दिसत नाही तो."

"बरोबर. दोन्ही कानांत आवाज सारखा होईपर्यंत वळणारा. झीपमान, त्या रात्री काटा खाली आला होता ना?"

झीपमानने चष्मा काढून पुसला. "आला होता. मी म्हटलं, बिघडलाय. तरी फिरवलं चाक. हात माझेच होते ना?"

"हात तुमचेच. पण बाईंचं झाकण दोन सावकाश, तीन भरभर वाजत होतं. ते जाहिरातीत नव्हतं, तुम्हा दोघांच्या तोंडीही आलं नाही. ते एकाच माणसाच्या बोटांत राहिलंय. परवा पीपरचं डोकं त्यानेच उठवलं."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. रोझविथा उठली नव्हती.

"मला आभार नकोत," ती म्हणाली. "विमानं गेली होती. मला आभाळ ऐकायचा हुकूम होता. खालून झाकण ऐकू आलं आणि मी कान खाली वळवले. ते एकदम थांबलं. मला वाटलं, संपलं सगळं. मी ऐकतच राहिले, आणि वरून दुसरी लाट आली. ती येतेय हे मी वेळेत सांगितलं नाही, म्हणून फेर्डी गेला."



"क्राप," टिमरमान हलक्या आवाजात म्हणाला, "ती लाट तुम्हाला कशाने ऐकू आली?"

क्रापचा चेहरा पडला होता, पण या प्रश्नाला त्याने खोटं सांगितलं नाही. "नुसत्या कानांनी. पोरी, ती बहिऱ्यालाही ऐकू आली असती. फेर्डीला मी दोनदा हाक मारली. तो म्हणाला, दिवा खाली वळलाय म्हणजे खाली कुणीतरी चालतंय, मी तो विझू देणार नाही."

"असं म्हणाला?" रोझविथाने विचारलं.

"असंच म्हणाला. मी कधी बोललो नाही. बोललो असतो तर माझं आधीपासूनच खड्ड्यात असणंही बाहेर आलं असतं."

वेसोलेकबाई उठून तिच्यासमोर उभ्या राहिल्या. या क्षणासाठी त्यांनी कितीतरी वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना.

"उजेड आला आणि मी झाकण टाकून दिलं, बाई," त्या म्हणाल्या. "दोन्ही हात मुलांना धरायला लागले."

रोझविथाने मान खाली घातली. मग तिचे खांदे हलायला लागले. वेसोलेकबाईंनी तिचं डोकं पोटाशी धरलं आणि "खूप उपकार झाले, खूप उपकार झाले," एवढंच म्हणत राहिल्या. पीपर खिडकीकडे तोंड करून नाक शिंकरत होता. टिमरमानने त्याला चिडवायचं मनात आणलं आणि सोडून दिलं.

बऱ्याच वेळाने रोझविथाने डोळे पुसले.

"फेर्डीची आई कालव्यापलीकडे राहते," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी त्या रस्त्याने गेले नाही. तिला हे सांगायला हवं. एकटीने जमणार नाही मला."

वेसोलेकबाईंनी खुंटीवरचा कोट काढला, उरलेला केक रुमालात बांधला आणि दार उघडलं.

"चला," त्या म्हणाल्या. "तिचेही आभार मानायचे राहिलेत माझे."