नथीतला फोटो

"अहो, हलू नका!"

क्षिप्रा हललीच. एका हातात श्रीखंडाची वाटी, दुसऱ्या हातानं घसरणारी नथ सावरलेली, आणि समोर हा कोण कुठला उंच मुलगा मोबाईल रोखून उभा!

"विचारून तरी काढायचा फोटो!"

"सॉरी… पण तुम्ही इतकं खळखळून हसत होतात ना—"

फरीदाबादला मराठी मंडळींचा पाडवा होता. क्षिप्रा हिंगोलीची, दिल्लीच्या राजेंद्रनगरात खोली घेऊन यूपीएससीचा अभ्यास करणारी. मेसच्या राजम्याला विटून घरच्यासारखं जेवायला आली होती. नऊवारी आणि नथ, दोन्ही मैत्रिणीकडून उसनी. फोटो मात्र, खोटं कशाला बोला, सुरेख आला होता.

"फक्त मलाच पाठवा हं," म्हणून तिनं नंबर दिला.

"बिल्कुल!"

सुजय त्याचं नाव. दिल्लीकडेच वाढलेला, मानेसरच्या एका कारखान्यात इंजिनिअर. पुढच्या रविवारी तो राजेंद्रनगरला आला, 'मित्रासाठी' म्हणून आईकडून करून घेतलेले पोहे घेऊन. त्याच्या पुढच्याही रविवारी आला. डबा पुढे करताना त्याचे कान लाल व्हायचे, आणि क्षिप्राला त्या लाल कानांची सवय होऊ लागली… तोच हिंगोलीहून फोन आला.

"मंगळवारच्या गाडीनं निघ." बाबांचा आवाज चढला नव्हता, हेच भयंकर होतं. "तीन स्थळांचे फोन आलेत. तुझा फोटो पाहून! नथ घालून मिरवायला ठेवलंय का तुला दिल्लीला?"

हे वर्ष शेवटचं, अशी क्षिप्राची बाबांशी बोलीच झाली होती. अभ्यास सोडून दुसरं काही दिसलं की परत यायचं. आणि पूर्वपरीक्षा तर अगदी तोंडावर आली होती.

झालं होतं ते असं. सुजयनं पाडव्याचे सगळे फोटो एका दमात मंडळाच्या ग्रुपवर ओतले, त्यात हाही गेला. तिथून तो एका उत्साही काकूंनी उचलला. नऊवारी आहे, नथ आहे, म्हणजे पोरगी लग्नाची! पंगतीत तिच्याकडूनच काढून घेतलेली माहिती, 'मूळ गाव हिंगोली, वडील शिक्षक, मुलगी हसतमुख', अशी खाली लिहून त्यांनी तो वधू-वरांच्या ग्रुपवर टाकला. हिंगोलीत तिच्या बाबांचा, अंबादास गुरुजींचा, नंबर काढायला कितीसा वेळ लागतो? आणि त्या काकू म्हणजे सुजयच्याच मातोश्री, हेमलताबाई.

चहाच्या टपरीवर हे ऐकून सुजय पांढराफटक पडला.

"मी सगळे एकदम सिलेक्ट केले यार… लक्षातच नाही राहिलं."

"तुमच्या कारखान्याच्या गेटवर फोनला काय चिकटवतात म्हणालास?"

"कॅमेऱ्यावर स्टिकर."

"कशाला?"

"मशीनचा फोटो बाहेर जाऊ नये म्हणून…"

"यंत्राची एवढी काळजी! आणि मी रे? मी काय रस्त्यावर पडले होते?"

भरल्या डोळ्यांनी ती निघून गेली. पोह्यांचा डबा तिनं उघडलाही नाही.

रविवारी दुपारी ती रडत रडत बॅग भरत होती, तेवढ्यात पुन्हा बाबांचा फोन आला.

"राहू दे ती बॅग. परीक्षा देऊनच ये."

"बाबा?"

"तो मुलगा बोलला माझ्याशी. ग्रुपवर सगळ्यांची माफी मागितली त्यानं, फोटो तिथून काढून टाकायला लावला, तिन्ही घरी स्वतः फोन केले. म्हणाला, चूक माझी, तुमच्या मुलीची नाही. मी विचारलं, अरे, तुला एवढी तळमळ कशाची?… तर म्हणाला, मला आवडते ती."

क्षिप्रा अर्धवट भरलेल्या बॅगेशेजारी खाटेवर बसली.

"मग… तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? तिला विचार म्हटलं." बाबा खाकरले. "मीही तुला न विचारताच परत आणायला निघालो होतो. चल, अभ्यासाला बस."

अभ्यास कसला! तिनं तडक सुजयला फोन लावला.

"माझ्या बाबांना सांगितलंस? मला सांगायच्या आधी?"

"त्यांनी विचारलं ना… गुरुजींसमोर खोटं बोलवेना."

"फोटो मला न विचारता! प्रेमसुद्धा मला न विचारता! आगाऊ कुठला!"

"आगाऊ म्हणजे?"

"म्हणजे तू!" तिनं हसू दाबलं. "बरं, ऐक. माझं उत्तर—"

"थांब! बोलू नकोस काही!"

नकोच होतं की काय त्याला? पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. "अरे, जेवण टाकून कुठे निघालास?" हे हेमलताबाईंचं. मग जिन्यावरची पावलं, धापा, आणि एक दार घट्ट लावल्याचा आवाज.

"आई समोरच बसली होती," तो म्हणाला. "आता गच्चीवर आलोय. इथे कोणी नाही. बोल."

क्षिप्रानं फोन ओठांजवळ धरला.

"हो," ती अगदी हळू म्हणाली, फक्त त्यालाच ऐकू जाईल इतकं.