न लागणारे दिवे

कात्री परत करायला जायचं, यात बिचकण्यासारखं काय असतं? शेजारच्या शिवणवालीकडून आणलेली कात्री, ती अचानक माहेरी गेली म्हणून घरीच पडून होती. दुपारची भांडी आवरून दुर्बीण निघाली. अख्ख्या इमारतीत तिला दुर्बीणच म्हणत, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचा रागही नव्हता.

शिवणवालीच्या नवऱ्याने दार फटीएवढंच उघडलं. हे भाऊजी लिफ्ट दुरुस्त करायचे. आत पडदे ओढलेले, हवेत वायरींच्या सोल्डरिंगचा जळका वास. टेबलावर, शिवणयंत्र बाजूला सारून, डोक्याएवढा एक गोळा रंग बदलत बसला होता.

"छंद आहे हो, वहिनी. दोन अर्धे गोल, आत वायरी, वरून बारीक एलईडी. चित्रं दिसतात त्याच्यावर."

"ते असू दे. आमची मैत्रीण कधी येतेय? फोन उचलत नाही. मला न सांगता जाणारी नाही ती."

"येईल की... तुम्ही बसा. नाहीतर नकोच, राहू द्या."

असं कुणी म्हटलं की दुर्बीण हमखास बसते. बसली, आणि यंत्रावरचा चष्मा तिला दिसला. शिवणवालीचाच. त्याच्याशिवाय तिला सुई सोडा, समोरची भिंत दिसत नसे. अशी बाई चष्मा विसरून माहेरी गेली?

भाऊजी मात्र गोळ्यातच गुंतले होते. "हे बघा, सगळे दिवे पांढरे लावतो." गोळा लख्ख उजळला, पण एका बाजूला काळा डाग तसाच राहिला. "चिकटवण्याआधी एकूणएक दिवा तपासला होता मी. सगळे लागत होते. ती गेली त्या संध्याकाळी दोन्ही अर्धे चिकटवून गोळा बंद केला, तेव्हापासून हे असं. आणि डाग जागाही बदलतो..."

दुर्बीण पुढे वाकली. डाग कसला! पंजा होता तो. वाफ धरलेल्या काचेवर आतून टेकवावा तसा. चार बोटं लांब, आणि करंगळी अर्ध्यातच संपलेली.

शिवणवालीची करंगळी लहानपणी दारात चेंगरली होती. अर्धीच उरली होती.

"भाऊजी... तो गोळा उघडा."

"वहिनी, काहीतरीच काय..."

"उघडा म्हणते ना!"

तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली. दारात शिवणवाली उभी! हातात पिशवी, तोंडभर हसू.

"काय गं दुर्बिणी, माझ्या माघारी माझ्या नवऱ्यावर पाळत?"

दुर्बिणीने धावत जाऊन तिला मिठीच मारली. "मेले, फोन उचलायला काय झालं होतं? जीव टांगणीला लावलास माझा!"

"बिघडला होता गं." चष्म्याशिवायच तिने खोलीभर नजर फिरवली. "आणि हा काय पसारा? आण, माझी कात्री दे."

तिने हात पुढे केला. पाचही बोटं सरळ, पुरती. करंगळीला लांब नखसुद्धा.

दुर्बिणीने भाऊजींकडे पाहिलं. त्यांची नजरही त्याच बोटावर खिळली होती. कात्रीवरची मूठ दुर्बिणीने घट्ट केली.

"आधी हे बंद करा बाई," असं म्हणत शिवणवालीने गोळ्याची वायर भिंतीतून उपटली.

गोळा विझला. आणि इतके दिवस न लागणारे ते दिवे, फक्त तेवढेच, आता लागले.