चव न बघता

बेल वाजली तेव्हा माझे दोन्ही हात लिंबाच्या रसाने चिकट झाले होते. कोपराने कडी ढकलून दार उघडलं, तर समोर फोटोतला मुलगा! एका हातात हेल्मेट, दुसऱ्यात द्राक्षांची पेटी.

"मी मुबीन. घरचे चांदवडहून गाडीने येताहेत... मी बाईकवर आलो. जरा लवकर पोचलो बहुतेक."

जरा? इफ्तारला अजून तास होता. अब्बा बर्फ आणायला गेलेले, अम्मी आतल्या खोलीत कुराण वाचत बसलेली. "बसव त्यांना," ती आतूनच म्हणाली.

आज इफ्तारनंतर मला या स्थळाला हो किंवा नाही सांगायचं होतं. मुलगा शांत आहे, मोठ्यांपुढे तोंड उघडत नाही, असं सगळे कौतुकाने सांगत, आणि मला नेमकी त्याचीच धास्ती वाटे. माझ्या आपाचा, थोरल्या बहिणीचा, नवराही शांतच आहे. तिची बाजू घ्यायची वेळ आली की जास्तच शांत होतो.

मी ओट्याशी वळले, तर हा स्वयंपाकघराच्या दारात.

"संत्री सोलून देऊ?"

"पाहुण्यांनी काम करायचं नसतं."

"मग घड्याळ बघत बसू? रोज्यात ते फार हळू चालतं."

मला हसू आलं. संत्री त्याच्यापुढे सरकवली. तो एकेक फोड सोलून बिया काढत होता, मी खरबूज आणि पपई चिरत होते. मग वाटीत संत्र्याचा रस, लिंबू, चमचाभर मध, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि हाताने तोडलेला पुदिना. वास असा सुटला की दोघांनी एकदमच आवंढा गिळला... आणि एकमेकांना गिळताना पाहिलं.

"चव कोण बघणार?" त्याने विचारलं.

"कोणी नाही. सगळ्यांचे रोजे आहेत. अंदाजाने करायचं."

"आणि मीठ?"

"अगदी शेवटी. नाहीतर फळांना पाणी सुटतं."

तेवढ्यात त्याच्या घरचे आले. सलाम-दुवा करून मी घाईने ओट्याशी परतले. मुबीन अजून तिथेच होता. पण मीठ घातलं होतं की नाही, तेच आठवेना.

"मी मीठ घातलं का हो?"

"अं... नाही."

मी घातलं.

अजान झाली. खजूर झाला, पाणी झालं. मुबीनच्या अम्मी, गुलजारबी, यांनी फळांचा पहिला चमचा तोंडात घेतला आणि त्यांचे डोळेच मिटले. अम्मीने चाखून माझ्याकडे पाहिलं. "आफिया, हे काय गं? किती खारट!"

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"चूक माझी आहे," मुबीन म्हणाला. हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "त्यांनी विचारलं होतं, मीठ घातलं का म्हणून. मी नाही म्हणालो."

"अरे, तू तिथेच उभा होतास ना?" गुलजारबी म्हणाल्या.

"होतो. पण... भांड्याकडे बघत नव्हतो."

अब्बांना ठसका लागला. मुबीन कानापर्यंत लाल झाला, तरी त्याने मान खाली घातली नाही. मला तो आवडला. तेव्हाच, सगळ्यांदेखत.

अम्मी मला नमाजनंतर आत नेऊन विचारणार होती. मला तेवढंही थांबवेना.

"अम्मी," मी म्हणाले, "माझं हो आहे."

मग मुबीनने आपली वाटी माझ्यापुढे धरली.

"अजून थोडं वाढता?"