तिसरा रकाना रिकामा

आग लागलेली नव्हती. पण हे आम्हाला कळेपर्यंत अख्खी इमारत पार्किंगमध्ये भर उन्हात येऊन उभी राहिली होती. भोंगा वाजला, भिंतीतल्या स्पीकरमधून एका बाईचा गोड आवाज आला – कृपया इमारत रिकामी करा – आणि कुठे, कोणत्या मजल्यावर, काय झालंय याबद्दल बाईंनी चकार शब्द काढला नाही.

"हिलाही तपशील द्यायचा कंटाळा," मी पुटपुटले.

शेजारी कुणीतरी हसलं. उंच, किडकिडीत, खिशाला शाईचा डाग. लॅपटॉप वरच टाकून बिस्किटांचा अर्धा पुडा तेवढा वाचवून आणला होता. 'हिलाही' म्हणजे आणखी कोण, असं त्याने विचारलं, आणि मी सुटलेच. दमलेल्या माणसाला कुणी आस्थेने काही विचारू नये.

मी सांगितलं, की आमची कंपनी क्लाउडवर कॉम्प्युटर भाड्याने देते. क्लाउड म्हणजे आकाशात काही नाही, लांब कुठल्यातरी थंडगार खोल्यांमध्ये ठेवलेली हजारो मशीनं. चौथ्या मजल्यावर आम्ही सहाजण त्यांच्यावर डोळा ठेवून असतो. कुठे काही बिघडलं, बंद पडलं, कुणी काढून टाकलं की पडद्यावर नोटिफिकेशन येतं. त्यात तीन रकाने: काय झालं, केव्हा झालं आणि कोणत्या मशीनचं झालं. गेले चार महिने तिसरा रकाना मधूनमधून रिकामा येत होता. मशीन काढून टाकलं. कोणतं? ते तुमचं तुम्ही शोधा. एखाद्या दवाखान्याचं असेल आणि चुकून काढलं असेल, तर तिकडे रुग्णांचे कागद दिसेनासे होतात आणि इकडे मी फोन फिरवत बसते.

आमच्या खोलीचा एक नियम होता. असं अर्धवट नोटिफिकेशन आलं, की जो आधी ग्रुपवर 'माझं' लिहील, त्याने ते निस्तरायचं. बाकीच्या पाचजणांची बोटं नेमकी तेव्हाच अवघडायची. मग मी लिहायचे. घरीही वेगळं काही नव्हतं. दादाने लांबून फोनवर बाबांची काळजी करायची, आणि बाबांच्या गोळ्या, डोळ्यांचे डॉक्टर, गळका नळ – सगळं माझं.

"आणि ही अशी नोटिफिकेशनं पाठवतं कोण?" त्याने विचारलं.

"दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी महाभाग बसलाय."

त्याने बिस्किटाचा पुडा माझ्यापुढे धरला आणि तो एक पाऊल डावीकडे सरकला. माझ्या तोंडावरचं ऊन गेलं, ते त्याची सावली पडल्यामुळे, हे माझ्या जरा उशिराच लक्षात आलं.

"महाभाग खिडकीजवळ बसतो. चौथी खुर्ची," तो म्हणाला. "तुमच्या एकोणीस तक्रारी आहेत माझ्याकडे. मला वाटलं होतं, तुम्ही वयाने बऱ्याच मोठ्या असाल."

"का?"

"भाषेवरून."

दुसऱ्या दिवसापासून महाभाग रोज चार वाजता वर येऊ लागला. म्हणायला रिकामे रकाने तपासायला; त्यासाठी आमच्या ग्रुपमध्येही शिरला. माझ्या टेबलाशी स्टूल ओढायचा, अर्धा तास पडद्याकडे बघायचा, आणि त्यातली दहा मिनिटं तो पडद्याकडे बघत नसायचा... हे मला कळायचं, कारण मीही बघत नसायचे. स्वतःचे मेसेज मात्र तो आपल्या नोटिफिकेशनसारखेच पाठवायचा. 'आज छान दिसतंय.' काय दिसतंय? मी उलट लिहायचे – तपशील रिकामा आहे. त्याचं उत्तर यायचं – शोधतोय.

एकदा बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन दुपारी उशिरा परतले. धास्तीने ग्रुप उघडला. सहा अर्धवट नोटिफिकेशनं येऊन गेली होती, आणि सहाच्या सहांखाली त्याने लिहिलं होतं, 'माझं'. त्याचं हे कामही नव्हतं. मी जिन्यात जाऊन रडले. कुणी आपलं काम केलं म्हणून रडणारी बाई मी पहिलीच असेन. पण त्याच जिन्यात मला स्पष्ट कळलं, की मी या माणसाच्या प्रेमात पडलेय.

नेमकं त्याच आठवड्यात दुसऱ्या शहरातल्या शाखेतून बोलावणं आलं. काम निम्मं, घर ऑफिसच्या शेजारी. पुढच्या शुक्रवारी पाचपर्यंत कळवायचं होतं. बाबा म्हणाले, "जाऊ या की. माझं काय, दोन गोळ्या आणि एक खुर्ची." जायला हरकत कसलीच नव्हती. थांबायला कारण एकच होतं, आणि त्याबद्दल कुणी काही बोललंच नव्हतं.

सोमवारी मी त्याला सांगितलं. तो नुसतं "अच्छा" म्हणाला आणि खाली निघून गेला. मंगळवारी आला नाही, बुधवारी नाही, गुरुवारी नाही. मला राग आला, मग रागाचाही कंटाळा आला. मी होकाराचा मेल लिहून ठेवला.

शुक्रवारी साडेचारला तो धापा टाकत आला. डोळे लाल, शर्ट तोच, डागाचा.

"सापडलं," तो म्हणाला. "मशीन काढलं, की आमचा प्रोग्राम नोटिफिकेशन लिहायला घेतो. नावासाठी त्या मशीनलाच विचारायला जातो. तोवर ते गेलेलं असतं. उत्तर कोण देणार?"

"म्हणजे इतके महिने तुम्ही गेलेल्यांना नाव विचारत होता?"

"हो. आता आधी विचारून ठेवतो, जायच्या आधी." तो थांबला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "एक चाचणी पाठवलीय. तिसरा रकाना भरून येतोय का, तेवढं बघाल?"

मी पडद्याकडे पाहिलं.

*काय झालं: जीव जडला.*
*केव्हा: भोंगा वाजला त्या दुपारी, बिस्किटं संपायच्या आधी.*
*कोणाचा: दुसरा मजला, खिडकीजवळची चौथी खुर्ची.*

मागे कुणीतरी खुदकन हसलं. मी वळून पाहिलं. पाचही पडद्यांवर तेच झळकत होतं. फक्त मला पाठवण्याऐवजी महाभागाने ते साऱ्या खोलीला पाठवलं होतं. त्याच्याही ते आत्ताच लक्षात आलं असावं, कारण त्याचे कान लालबुंद झाले.

"तीन दिवस ती चूक शोधत होतो," तो हळूच म्हणाला, "आणि तीन दिवस स्वतः तीच करत होतो. तुम्ही गेल्यावर विचारून काय उपयोग... म्हणून आत्ता विचारतो. थांबशील?"

मी 'तुम्ही'ची 'तू' कधी झाले, ते त्यालाही कळलं नाही.

"मी फार दमलेय," मी म्हणाले. खरं तेच होतं. "आणखी एक काहीतरी सांभाळायची ताकद नाही माझ्यात."

"मला नको सांभाळूस. उद्या बाबांना डॉक्टरांकडे मी नेतो. तू झोप."

इतकं सुंदर मला आजवर कुणी काही बोललं नव्हतं.

पाचला दहा कमी होते. मी होकाराचा मेल पुसला आणि दोन ओळींत नकार कळवला. मग ग्रुप उघडला. सगळ्यांची बोटं नेहमीसारखीच अवघडलेली होती, पण आज पाचहीजण हसत होते. मी त्याच्या नोटिफिकेशनखाली लिहिलं – माझं.

आणि ते लिहून झाल्यावर, पहिल्यांदाच, मला कुठे काही शोधायला जावं लागलं नाही.