छोट्या लाइनीचं परतूर

गॅदरिंग काल संपलं होतं, पण प्रभावतीच्या अंगातून ते अजून गेलं नव्हतं. चित्रकलेची शिक्षिका म्हटलं की पडदा तिनं रंगवायचा, राजाचा मुकुट तिनं चिकटवायचा आणि सगळं उरकल्यावर उरलेलं थर्मोकोलही तिनंच आवरायचं, असा परतूरच्या त्या शाळेत रिवाजच पडून गेला होता. बत्तीस वर्षांच्या बिनलग्नाच्या बाईला घाई कसली, असं सगळे धरून चालत.

घरी जायची, वाटूरची बस चुकली होती. त्यात पौषातला अवकाळी पाऊस भुरभुरायला लागला, तशी ती स्टेशन रोडवरच्या घड्याळाच्या दुकानात शिरली. काउंटरमागे एक माणूस डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी घड्याळाचं पोट उघडून बसला होता.

“घड्याळ न्हाई आणलं,” ती म्हणाली. “पाऊस थांबेपर्यंत बसू का?”

“बसा की. बसायचे पैसे न्हाई घेत मी.” ती स्टुलावर टेकली, तशी त्यानं मान वर केली. भिंगामागचा एक डोळा भलताच मोठा दिसत होता, आणि तो रोखून तिच्या मांडीवरचं, गॅदरिंगमधून उरलेलं थर्मोकोलचं देऊळ बघत होता. “हे... तुम्ही केलं?”

“मीच. दुसरं कोण करणार!”

उत्तर जरा तुसडंच गेलं. त्यानं मनावर घेतलं नाही. “मंग एक दाखवू? मागच्या खोलीत हाय. म्हणजे — तसं काही न्हाई — पडदा उघडाच ठेवतो.”

त्याची ती तारांबळ पाहून ती उठली.

आत दोन बाकांवर लाकडी दार आडवं टाकलं होतं आणि दारावर रूळ. खरेखुरे, पितळी पट्ट्यांचे. सांधे, सिग्नल, पाण्याची टाकी आणि बोटाच्या पेराएवढा एक हमालसुद्धा. त्यानं बटण दाबलं. मोडक्या गजरांच्या चाकांवर बांधलेलं काळं इंजिन तीन डबे ओढत टुकुटुकु निघालं.

“छोटी लाइन,” तो म्हणाला. “माझे वडील इथं सांधेवाले होते, गाडीचे रूळ बदलून द्यायचे. मोठी लाइन आली, छोटी उखडली, अन् वडीलही त्याच साली गेले. म्हणलं, जसं होतं तसं एकदा करून ठेवावं. दोन वर्षं झाली, करून राह्यलोय.”

गाडी सुरेख होती. पण बाजूला उभी केलेली घरं! काड्यापेट्यांना दारं काढावीत तशी. प्रभावतीला हसू फुटलं. किती तरी दिवसांनी.

“हसा, हसा,” तो म्हणाला. “घरं मला बिलकुल जमत न्हाईत. तुम्ही...?”

आणि जी बाई कालच ‘आता कुणाचं काही करणार नाही’ अशी शपथ घेऊन बसली होती, ती म्हणाली, “बघते.”

त्याचं नाव धर्मराज. वय पस्तिशीचं. दोघी बहिणींची लग्नं आणि वडिलांचं आजारपण निस्तरता निस्तरता त्याचं स्वतःचं राहून गेलं होतं. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की प्रभावती दुकानात यायची. बल्बच्या खोक्यातल्या नालीदार पुठ्ठ्याचे पत्रे झाले, वाळवलेल्या चहाच्या चोथ्याची काळी माती झाली, घोसाळ्याच्या जाळीला हिरवा रंग देऊन तिनं लिंबाची झाडं उभी केली. पहिल्या शनिवारी ती त्याला ‘धर्मराजभाऊ’ म्हणाली होती. तिसऱ्या शनिवारी नुसतंच ‘अहो’ म्हणाली.

“आज भाऊ कुठं गेला?” त्यानं इंजिनाला तेल देत विचारलं.

“गावाला,” ती म्हणाली, आणि दोघंही आपापल्या कामात उगीचच फार गढून गेली.

पण संध्याकाळी वाटूरला उतरलं की पुन्हा तेच घर आणि तोच विषय. थोरल्या भावानं, रामरावनं, मंठ्याचं स्थळ आणलं होतं. माणूस बिजवर, शेती बरी, दोन लेकरं. रामराव वाईट नव्हता. बहिणीचं काही तरी व्हावं म्हणून झुरत होता. याआधी तीन स्थळांना ती नाही म्हणाली होती, आणि प्रत्येक नकारानंतर महिना महिना घर रुसलेलं, आईचे उपास आणि शेजारणींच्या चौकश्या. नाही म्हणायला बळ लागतं. ‘हो’ एका दमात होतं, आणि मग कुणी काही विचारत नाही. मार्चातल्या एका रविवारी अकराला पाहुणे यायचे ठरले. प्रभावतीनं मनाशी ठरवून टाकलं, हो म्हणायचं. त्या माणसाविषयी तिच्या मनात काहीच नव्हतं. ती थकली होती, एवढंच.

त्या रविवारच्या आदल्या दिवशी ती शेवटची इमारत घेऊन आली. प्रत्यक्ष स्टेशन! आधीची दहा घरं तिच्या पिशव्यांतच होती. सगळी एकदम मांडायची असा तिचा हट्ट होता. तिनं एकेक घर मांडलं, मधोमध स्टेशन ठेवलं, आणि धर्मराजनं कौतुकानं आपला हमाल फलाटावर उभा केला.

हमालाचं डोकं दाराच्या चौकटीच्या वर गेलं. इंजिन आलं, ते छपराच्याही वर.

मग धर्मराजनं हळूच विचारलं, “माप कशावरून काढलं, बाई?”

“तुम्हीच म्हणलात, रुळांवरून काढा. तुमचे रूळ सोळा मिलिमीटर. मी टेप घेऊन स्टेशनात गेले, तिथले रूळ मोजले...” आणि तिथं ती थांबली. स्टेशनात आता मोठी लाइन होती. रुंद रूळ. त्याच्या दारावरचे रूळ होते उखडलेल्या छोट्या लाइनीचे, मीटरभर रुंदीचे. तिनं अख्खं गाव भलत्याच लाइनीवर मोजून बारकं करून ठेवलं होतं. दहा शनिवार!

तिला रडू आलं नाही. रडायलाही ताकद लागते. तिनं सवयीनं पिशवी उघडली. “करते परत,” ती म्हणाली.

“न्हाई.”

“अहो, चूक माझी हाय. करते ना.”

“न्हाई म्हणलं ना.” धर्मराजनं पेचकस उचलला आणि वळणावरच्या पहिल्या रुळाचा स्क्रू फिरवला. “गाडीच बारकी करतो. दहा मिलिमीटरवर बसंल बराबर.”

“दोन वर्षांचं काम आहे ते!”

“मंग? तुम्हीच का दर वेळेला परत करायचं?”

दुसरा स्क्रू निघाला. प्रभावतीनं त्याचा हात धरला. थांबवायला म्हणून धरला खरा... पण तो थांबल्यावरही सोडायचं राहून गेलं. एवढ्या वर्षांत तिची चूक कुणी अशी आपल्या अंगावर घेतली नव्हती. तिला हा माणूस आवडत होता. आजपासून नव्हे, कधीचाच. हे तिला तिथंच, पेचकस धरलेल्या त्या हाताशी कळलं.

“थांबा,” ती म्हणाली. “लांबची घरं लहानच दिसतात. पाचवीच्या पोरांना मीच शिकवते! ही सगळी मागं सारू, भिंतीच्या कडेला. रुळांपलीकडचं गाव. मोठं फक्त स्टेशन लागंल.”

दोघांनी घरं मागं सारली. आणि गाव खरोखरच लांब गेलं. मधली चहाची काळी माती शेतासारखी पसरली. धर्मराज बघतच राहिला. मग त्यानं खुर्ची ओढली. “पुठ्ठा मी कापतो. तुम्ही नुसतं बसून सांगा.”

ती बसली. ‘खिडकी अर्ध्या इंचावर’ म्हणाली... आणि पुढं काय म्हणाली ते तिला आठवत नाही. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती, अंगावर त्याची शाल होती, आणि समोर नव्या स्टेशनाला चार वाकड्या खिडक्या कापलेल्या होत्या.

“उठवायचं ना,” ती ओशाळून म्हणाली.

“कशाला? किती दिवसांची झोप होती कोण जाणे.”

मग तिनं सांगून टाकलं. मंठ्याचं स्थळ, उद्याचे अकरा. “हो म्हणणार होते. दमले होते म्हणून. आता... तुम्हाला काही विचारायचं असंल तर विचारा.”

धर्मराजचे कान लाल झाले. त्यानं हातातला पुठ्ठा खाली ठेवला.

“आज न्हाई विचारणार.”

ती पिशवी उचलायला वाकली.

“दमलेलं माणूस कशालाही हो म्हणतंय,” तो म्हणाला. “मला तसलं हो नको. आज घरी जाऊन झोपा. उद्या सकाळी मी वाटूरला येतो. झोप झाल्यावर विचारतो. मंग न्हाई म्हणलात तरी चालंल.”

प्रभावती जी झोपली, ती रविवारी साडेनऊलाच उठली. विस्कटल्या केसांनी ओसरीवर आली तर धर्मराज भिंतीला टेकून बसलेला, आणि रामराव त्याच्याकडे संशयानं बघत बसलेला.

“साडेसातपासून बसलाय बाई ह्यो माणूस,” आई, द्वारकाबाई, म्हणाली. “काम काय तं सांगंना. तुला उठविते म्हणलं तं नको म्हणून हात जोडून राह्यला!”

“झोप झाली?” धर्मराजनं सगळ्यांसमोर विचारलं.

“झाली.”

“चहा?”

“अजून न्हाई.”

“मंग घ्या आधी.”

तिनं उभ्या उभ्याच चहा घेतला. अख्खं घर कपाकडे बघत होतं. तिनं कप खाली ठेवला, तसा तो उठला.

“माझ्याशी लग्न कराल का? दुकान तुम्ही पाह्यलंय. मलाही पाह्यलंय. लपवायसारखं काही न्हाई.”

प्रभावतीनं स्वतःच्या अंगात थकवा चाचपून पाहिला. होता तो, एका रात्रीत थोडाच जातो? पण या उत्तराशी त्याचा काही संबंध नव्हता.

“हो,” ती म्हणाली.

“अगं पण पाहुणे!” रामराव ताडकन उठला. “अकराला यायलेत ते! आता त्यांला न्हाई कोण म्हणंल?”

“मी म्हणते, दादा.” तिनं चपला पायात सरकवल्या. “फाट्यावरून फोन लावते. आज येतंय मला न्हाई म्हणायला.”