मागच्या डाव्या चाकाचा नट

"बर्फात चालणारे टायर आहेत का?"

डिसेंबरातली दुपार होती, पण पनवेलच्या डिसेंबरातली. डोक्यावर पंखा गरगरत होता, हायवेवरून गरम वारा येत होता आणि मी एका टेम्पोचं चाक खोलून घामाघूम झाले होते. मान वर केली, तर समोर एक उंच, चष्मेवाला मुलगा... आकाशी शर्ट, कडक इस्त्री, आणि चेहरा असा, की जणू त्याने किलोभर कांदेच मागितले होते!

मी काही बोलायच्या आत बाबा खुर्चीतून ओरडले, "बर्फ पायजे त उरण नाक्याला मच्छीवाल्यांकडं जा. आमी टायर इकतो."

तो हसला. दात इतके एकसारखे, की मला उगीचच राग आला. मग कळलं, स्वारी दातांचीच डॉक्टर आहे.

पळस्पे फाट्याच्या अलीकडे आमचं दुकान आहे... चंद्रावती टायर्स. चंद्रावती माझी आई. बाबांचे गुडघे बोलायला लागले तेव्हापासून, म्हणजे सहा वर्षं, दुकान मीच चालवते. 'मालक कुठे आहेत?' असं विचारणारं एकतरी गिऱ्हाईक मला रोज भेटतं. या डॉक्टरने तसं विचारलं नाही. तो पहिल्या वाक्यापासून माझ्याशीच बोलला. एवढ्यावरून कोणी कोणाच्या प्रेमात पडत नाही, मान्य. पण सुरुवात तिथून झाली, हे मात्र खरं.

नाव मितेश. राहणार खांदा कॉलनी. एका संस्थेतर्फे तीन महिने हिमाचलातल्या लाहौलला, केलाँगच्या आसपासच्या गावांत जाणार होता. ऐन हिवाळ्यात तिथे दातांचा डॉक्टर नसतो. म्हातारी माणसं गाल धरून बर्फ वितळायची वाट बघत बसतात, असं तो म्हणाला तेव्हा त्याचा हसरा चेहरा एकदम गंभीर झाला. मामाची जुनी फोर-बाय-फोर गाडी, मागे घडीची खुर्ची आणि अवजारं, आणि दहा जानेवारीपर्यंत पोचायचं.

"तिकडे नाही मिळत टायर?" मी विचारलं.

"मिळतात. पण माझ्या मापाचे मिळतीलच असं नाही. संस्थेवाले म्हणाले, घेऊनच या. पनवेलमध्ये अकरा दुकानं फिरलो. दहांनी मला हसून बाहेर काढलं."

"आणि अकराव्याने?"

"त्याने उरण नाक्याचा पत्ता दिला. आत्ताच."

बाबा खुर्चीत चुळबुळले. मी हसू दाबलं आणि म्हटलं, "माप सांगा. मागवते."

खरं सांगायचं तर विंटर टायर मी जन्मात पाहिला नव्हता. पण 'नाही' म्हणायला जीभ वळेना. दोन दिवस मिळेल ते वाचलं, चार ठिकाणी फोन केले आणि दिल्लीच्या एका व्यापाऱ्याकडून चार टायर मागवले. आठ दिवसांनी ते कळंबोलीच्या ट्रान्सपोर्टात उतरले. काय सुंदर होते! रबर हाताला मऊ, नक्षीत बारीक बारीक चिरा, आणि बाजूला डोंगरावर बर्फाचं फूल कोरलेलं.

डॉक्टर धावत आला. "बसवा!"

"नाही बसवणार."

"म्हणजे?"

"हा टायर थंडीसाठी केलाय. गारठ्यात साधा टायर कडक होतो आणि घसरतो, हा मऊच राहतो. पण आपल्या तापलेल्या डांबरावर हा खोडरबरासारखा झिजेल. मनालीला पोचेपर्यंत नक्षी गायब. मी हे चार जुन्या डिस्कवर, म्हणजे लोखंडी रिमांवर, चढवून देते, कॅरिअरवर बांधा. बर्फाच्या तोंडाशी पोचलात की चाकं बदला."

"कोण बदलणार?"

"तुम्ही."

"मी?" त्याने स्वतःच्या नाजूक, स्वच्छ बोटांकडे पाहिलं. "मी आयुष्यात फक्त सायकलची साखळी बसवलीय हो. तीही उलटी."

"दात उपटता ना? मग नट काढायला काय होतंय!"

असे आमचे धडे सुरू झाले. चोवीस डिसेंबरपासून रोज दुपारी एक वाजता, त्याच्या जेवणाच्या सुट्टीत. नियम माझा होता. चारही चाकं एकट्याने बदलायची, अर्ध्या तासात. मग मी टॉर्क पाना लावून वीसच्या वीस नट तपासणार. हा पाना म्हणजे माझा जीव की प्राण. नट हवा तेवढा घट्ट असला की तो 'टक्' करतो, सैल असला की गप्प राहतो. बाबांनाही मी त्याला हात लावू देत नाही. एक नट जरी गप्प राहिला, तरी नापास.

पहिल्या दिवशी डॉक्टरने जॅक भलत्याच जागी लावला आणि दीड तास घेतला. शर्टाची वाट लागली. नाकावर ग्रीसचा ठिपका. मी सांगितलाच नाही त्याला. तसाच गेला बिचारा पेशंट तपासायला.

"एक नट आवळला की शेजारचा घ्यायचा नाही," मी शिकवत होते. "समोरचा घ्यायचा. मग त्याच्या समोरचा. चांदणी काढतो ना आपण, तसं."

"तुमच्या हाताखाली चांदण्या काढायला मिळतील असं माहीत असतं, तर डेंटल कॉलेजला गेलोच नसतो."

"पाना नीट धरा, डॉक्टर."

"धरलाय. मास्तरीणबाई बघतायत म्हणून हात थरथरतोय."

बघत तर मी होतेच. चष्मा घसरला की तो मनगटाने वर सारायचा. अवघड नट सुटला की लहान मुलासारखा 'हाऽऽ' करायचा. पाऊण वाजला की माझं लक्ष रस्त्याकडे लागायचं आणि पांढरी गाडी वळली की मी घाईघाईने, उगीचच, एखादा टायर तपासायला घ्यायची. मला तो आवडायला लागला होता. लपवून काय करू?

एकदा धडा संपल्यावर आम्ही वडापाव खात होतो. तो माझ्याकडे टक लावून बघत होता. मी आपली लाजतेय... तर म्हणतो कसा, "उजवीकडे दुखतंय ना?"

"काय?"

"चार दिवस बघतोय. तुम्ही फक्त डाव्या बाजूने चावता. उजवीकडची अक्कलदाढ असणार. दाखवा."

"अजिबात नाही!" मी तोंडावर हात घेतला. ट्रकचं चाक अंगावर आलं तरी मी घाबरत नाही, पण त्या खुर्चीचं नाव काढलं की मी दार शोधते. शाळेत असताना एकदा मी डॉक्टरांचं बोट चावून पळाले होते.

"मी दुखवणार नाही," तो हळूच म्हणाला. चेष्टा नव्हती त्यात.

"सगळे असंच म्हणतात," मी म्हटलं आणि उठले. छातीत मात्र धडधडत राहिलं... दाढेमुळे नव्हे.

दिवस सरत होते. तो आता पंचवीस मिनिटांत चाकं बदलायचा. पण रोज एक नट सैल निघायचा आणि रोज मी म्हणायची, "नापास. उद्या या." तो खिन्न चेहरा करायचा. फार छान करायचा.

तीन जानेवारी उजाडली. अकरावा धडा. त्याने कपाळ पुसलं, मी पाना लावत फिरले. टक्, टक्, टक्... एकोणीस वेळा टक्. विसावा नट गप्प. मागच्या डाव्या चाकाचा, शेवटचा.

मी पाना खाली ठेवला.

"डॉक्टर, पहिले दोन दिवस सोडले तर रोज हाच नट सैल निघालाय. शिकाऊ माणूस रोज नवी चूक करतो. तीच चूक, त्याच जागी, रोज... ती मुद्दाम करतात."

त्याचे कान लाल झाले. "भाविका, मी..."

"बर्फात चाक निखळलं म्हणजे काय होतं माहितीये? खाली दरी असते! नटाशी खेळतोस तू? हात असाच चुकायला शिकला म्हणजे?" रागाच्या भरात 'तुम्ही' कधी गळून पडलं ते मला कळलंच नाही. त्याला मात्र कळलं. एवढी बोलणी खाताना त्याचे डोळे हसले.

"वीसही नट घट्ट बसले असते," तो म्हणाला, "तर तू म्हणाली असतीस... जा."

पंखा गरगरत होता. बाबा पेपराआड होते, आणि पान बराच वेळ उलटलं नव्हतं.

मी तो नट आवळला. टक्.

"पास," मी म्हटलं. "जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघायला आला. चार चाकं मी स्वतः कॅरिअरवर बांधली, दोरी दोनदा तपासली. बाबा लिंबं घेऊन बाहेर आले आणि थबकले. आमच्या दुकानातून नवा टायर लिंबू चिरडल्याशिवाय रस्त्याला लागत नाही. पण हे टायर तर टपावर!

"आता लिंबां ठेवायची कुठं?" बाबा हवालदिल. शेवटी त्यांनी चार लिंबं रुमालात बांधून मितेशच्या हातात दिली. "टायर लावशीन तवा चारी चाकांखाली ठेव. इसरू नको, काय?"

"तिथे गोठून दगड होतील," मी म्हटलं. "आतल्या खिशात ठेव. अंगाच्या उबेत."

"आणखी काही?" तो माझ्याकडे बघत होता. मला हजार गोष्टी सांगायच्या होत्या. मी आत गेले, टॉर्क पाना उचलला आणि त्याच्या हातात ठेवला.

"परत आणून दे," एवढंच म्हणाले.

गाडी कळंबोलीच्या दिशेने दिसेनाशी झाली. बाबा माझ्याकडे बघत होते.

"पाना दिलास?"

"दिला."

"जो माला पन हात लावू देत नायस, तो?"

बाबांनी माझ्या डोक्यावर टपली मारली आणि चहा सांगायला गेले. नंतरचे पाच दिवस एक वाजला की मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाठ करून बसत होते.

सहाव्या दिवशी सकाळी अकराला फोन वाजला. व्हिडिओ कॉल. पडद्यावर पांढरंशुभ्र जग, आणि मधोमध कानटोपीतला मितेश, नाक लालबुंद.

"मास्तरीणबाई, परीक्षा घ्या! इथून पुढे बर्फ आहे."

त्याने फोन एका दगडावर टेकवून ठेवला. मी टेम्पोवाल्याला थांबायला सांगितलं आणि स्टुलावर बसून बघत राहिले. जॅक बरोब्बर जागेवर लागला. बोटं गारठली की तो त्यांवर फुंकर घालायचा. नट, मग समोरचा नट, मग त्याच्या समोरचा... डोंगर कोरलेले टायर खऱ्या डोंगरात एक-एक करून चढले. सव्वीस मिनिटं. मग त्याने पाना काढला आणि फोन चाकाजवळ धरला. टक्, टक्, टक्. मी मोजत होते. एकोणीस.

मागचं डावं चाक. शेवटचा नट.

टक्.

मग लिंबं. त्याने ती आतल्या खिशातून काढली, चारही चाकांखाली ठेवली आणि गाडी पुढे घेतली. बर्फावर चार पिवळे डाग. माझ्या मागून बाबांनी टाळी वाजवली.

"मितेश..."

"हं?"

"मला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं."

पडदा हलेना. नेटवर्क गेलं की काय! नाही, त्याच्या तोंडातून वाफ येत होती. हो, तुम्हालाही मी हे सांगितलं नव्हतं. पण सहा वर्षं नट आवळणारीला सैल नट आणि सैल सोडलेला नट यांतला फरक कळणार नाही होय?

"म्हणजे तू... सगळे दिवस..."

"हो. तूच हवा होतास रोज एक वाजता. म्हणून गप्प राहिले."

"आणि वर ओरडलीस माझ्यावर!"

"ओरडणं भागच होतं. तीन तारीख आली होती. मी ओरडले नसते तर तू गेला नसतास, आणि मी जाऊ दिलं नसतं. मग तिकडची म्हातारी माणसं गाल धरून बसली असती, आपल्या दोघांपायी."

तो हसला. तेच एकसारखे दात. आता मात्र राग आला नाही.

"भाविका, एप्रिलमध्ये हे टायर काढायचेत. मला नाही जमणार."

"तुला सगळं जमतं."

"नाही गं. एक नट सैल राहतो. कायमची कोणीतरी पाहिजे, तपासायला."

"पाना घेऊन ये म्हनावं," बाबा मागून म्हणाले. "आनि येताना घरच्यांना पन घेऊन ये."

मी तोंड लपवलं. मग उजव्या गालावर हात ठेवला.

"आणि भुलीचं इंजेक्शनही आण. दाढ दाखवायचीय."

"तुला भीती वाटते ना?"

"खूप वाटते," मी म्हटलं. "पण या वेळी बोट चावून पळणार नाही."