सावित्रीकाकीचा अंगठा

हे घडलेलं आहे. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. मंगळवार, दुपारी साडेतीन, रत्नागिरी, मांडवी.

तेव्हापासून बाबल्या खोबरं खात नाही. रत्नागिरीत राहून.

सावित्रीकाकी गेली तेव्हा तिच्याजवळ दोघंच होते. शेजारचा बाबल्या आणि मुंबईहून आलेला पुतण्या नितेश. लेक ज्ञानेश्वरी डॉक्टरांना आणायला धावली होती.

नितेशने दार लावलं. खिशातून कागद काढला.

मृत्युपत्र. घर आणि आंब्याची कलमं, सगळं पुतण्याला.

मग स्टॅम्प पॅड काढलं. माणूस तयारीने आला होता.

"अरे, काकी गेली," बाबल्या म्हणाला.

"अजून गरम हाय. धर हात."

काकीची मूठ घट्ट मिटलेली. जिवंतपणीही तिने नितेशला सहज काही दिलं नव्हतं. त्याने अंगठ्याला खोबरेल चोळलं. ओढला...

कट्.

कागदावर जांभळा, तेलकट ठसा उमटला. नितेशने बोटं पँटला पुसली आणि त्याच बोटांनी उरलेला वडापाव संपवला.

"साक्षीदार म्हणून सही कर. तुला यातलं काय मिळत नाय, म्हणून तूच चालतोस."

बाबल्याने केली. दुसरी सही नितेशचा मित्र काशीराम याने केली, दोन दिवसांनी, दाभोळहून आल्यावर.

आमच्याकडे माणूस जातं तिथे दिवा लावून तांदळाचं पीठ पसरतात, वर टोपली. नंतर बघतात, कसली पावलं उमटली.

दहाव्याला ज्ञानेश्वरीने टोपली उचलली.

पाऊल नव्हतं...

अंगठे होते. शेकडो. पिठात, जमिनीवर, ओळीने थेट नितेशच्या चपलेपर्यंत.

"उंदीर," नितेश म्हणाला.

त्याने कागद काढून दाखवला. ज्ञानेश्वरी बघत राहिली.

"आई तर सही करायची, दादा."

प्रकरण कोर्टात गेलं. वकीलबाईंनी तिला समजावलं. मृत्युपत्र नसतं तर घर लेकीचंच. पण एका साक्षीदाराने जरी शपथेवर सांगितलं की काकीने शुद्धीत, माझ्यासमोर अंगठा दिला, तर अवघड आहे.

"उलटलास तर खोट्या सहीसाठी तूच आत जाशील," नितेशने बाबल्याला बजावलं.

वर्षभराने बाबल्या पिंजऱ्यात उभा राहिला.

"अंगठा त्यांनी स्वतः दिला?" नितेशच्या वकिलाने विचारलं.

'होय' म्हणायला त्याने तोंड उघडलं...

खोबरेलाची चव आली.

मग जिभेवर काहीतरी टेकलं. थंड. दाबलं. डावीकडून उजवीकडे वळवलं, ठसा नीट यावा म्हणून.

"काय होतंय? तोंड उघडा," न्यायाधीश साहेब म्हणाले.

बाबल्याने जीभ बाहेर काढली. जांभळा. रेषांसकट.

साहेबांनी चष्मा काढला. परत घातला.

"याची नोंद कशी करू, साहेब?" कारकुनाने विचारलं.

बाबल्या ओकला. मग सगळं खरं बोलला. घर ज्ञानेश्वरीला राहिलं.

ठसा मात्र गेला नाही. लिंबू झालं, ब्रश झाला, मुंबईचा डॉक्टर झाला.

ही हकीकत मला बाबल्यानेच सांगितली, दोन वेळा. परवा दुसऱ्यांदा सांगून झाल्यावर मी जीभ बघितली.

आता दोन ठसे आहेत.

यातलं तो काय खोटं बोलला, ते मी अजून शोधतोय.